परदेशात इंग्रजीतून इंटरनॅशनल रिलेशन्सचा मास्टर्स: यादी कशी छाटायची?

टीवाय_पॉलिटिक्स:

नमस्कार. टीवायबीए, राज्यशास्त्र स्पेशल, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पाचवं सत्र चालू आहे, आतापर्यंतचा सीजीपीए ७.४. मॅक्सम्युलर भवनात जर्मन ए२ (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली दुसरी) पूर्ण झालंय. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पूर्ण इंग्रजीतून आयआरचा (इंटरनॅशनल रिलेशन्सचा) मास्टर्स करायचा आहे. कर्ज धरून सगळा खर्च पंचवीस लाखांत बसवायचा आहे.

एका कन्सल्टन्सीने बारा विद्यापीठांची यादी दिली, त्यातली नऊ ब्रिटनमधली आहेत. बाकी नावं बघून काहीच कळत नाही. इंटरनॅशनल रिलेशन्स, इंटरनॅशनल अफेअर्स, ग्लोबल स्टडीज, पीस अँड कॉन्फ्लिक्ट, यात फरक काय? जर्मनीत ७.४ चालतो का? आणि ब्रिटनमधलं एक वर्ष बरं की युरोपातली दोन? जाणकारांनी कृपया सांगावं.

एरंडवणेकर:

बारातली नऊ ब्रिटनमधली असण्याचं कारण साधं आहे. तिथली बरीच विद्यापीठं एजंटला प्रवेशामागे कमिशन देतात, जर्मनीतली सरकारी विद्यापीठं देत नाहीत. यादी वाईटच असेल असं नाही, पण ती तुझ्यासाठी बनवलेली नाही हे लक्षात ठेव.

नावावरून काही कळत नाही हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. विषय कोणत्या फॅकल्टीत बसवलाय ते बघ, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. नेदरलँड्सचंच उदाहरण घे. लायडनचा एम.ए. इंटरनॅशनल रिलेशन्स मानव्यविद्या शाखेत आहे आणि ग्रोनिंगेनचाही कला शाखेत. तिथे इतिहास, प्रदेशाभ्यास, मजकुराचं वाचन आणि लांब निबंध जास्त. ॲमस्टरडॅम विद्यापीठात मात्र आयआर हा राज्यशास्त्राच्या एम.एस्सी.मधला एक ट्रॅक आहे. तो समाजशास्त्रांच्या शाखेत येतो, म्हणजे संशोधनपद्धती आणि आकडेवारी आलीच. विषय एक असला तरी दोन्हीकडून बाहेर पडणारी माणसं वेगवेगळ्या कामांची असतात.

इंटरनॅशनल अफेअर्स असं नाव असेल तर बहुधा तो व्यावसायिक अभ्यासक्रम असतो. पॉलिसी मेमो, अर्थशास्त्राचे सक्तीचे पेपर, इंटर्नशिप असा साचा. पॅरिसच्या सिआँस पोमधलं पी.एस.आय.ए., बर्लिनचं हर्टी स्कूल, जिनिव्हाचं ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ही त्या घराण्यातली. ग्लोबल स्टडीजमध्ये समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राकडे ओढा असतो. फ्रायबुर्गचा अभ्यासक्रम तसा आहे. पीस अँड कॉन्फ्लिक्टसाठी जर्मनीत माग्डेबुर्गचा इंग्रजी मास्टर्स आहे आणि स्वीडनमध्ये उप्सला. जगभरच्या संघर्षांची नोंद ठेवणारा यू.सी.डी.पी. हा विदासंच उप्सलामध्येच तयार होतो, त्यामुळे तिथे आकड्यांशी मैत्री हवी.

त्यामुळे वेबसाइटवरच्या हसऱ्या विद्यार्थ्यांकडे न बघता मॉड्यूल हँडबुकची पीडीएफ उघड. त्यात सक्तीचे पेपर किती, संशोधनपद्धतीचे किती, प्रबंधाला किती क्रेडिट (दोन वर्षांच्या मास्टर्सला बऱ्याचदा ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट) आणि इंटर्नशिपला क्रेडिट आहे का, हे बघ. शेवटी ऐच्छिक पेपरांची भाषा तपास, कारण फसगत तिथे होते. डी.ए.ए.डी. या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शोधयंत्रात शिक्षणाची भाषा 'इंग्रजी' आणि 'जर्मन, इंग्रजी' अशी वेगळी दिलेली असते. दुसरी असेल तर ए२ वर भागणार नाही. बर्लिनची दोन विद्यापीठं आणि पोट्सडाम मिळून चालवतात तो आयआरचा संयुक्त मास्टर्स नावाजलेला आहे, पण त्याला जर्मन चांगलं यावं लागतं. तो यादीत असेल तर काढून टाक.

आता ७.४ बद्दल. जर्मनीत गुण बदलायला बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भाग, तीनने गुण आणि एक मिळव. दहाच्या मोजपट्टीत उत्तीर्ण ४ वर धरलं तर १० वजा ७.४ म्हणजे २.६. भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.३. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. बऱ्याच ठिकाणी २.५ ची अट असते, त्यात तू बसतेस. २.५ म्हणजे आपल्याकडचा बरोबर ७.०. शेवटच्या सत्रात घसरू नकोस एवढंच. आणि सीजीपीएची टक्केवारी करून अर्जात भरू नकोस, दोन मोजपट्ट्यांची उत्तरं जुळत नाहीत आणि मग खुलासे करत बसावं लागतं.

पण जर्मनीत अर्ज नाकारले जातात ते गुणांपेक्षा क्रेडिटमुळे. अटींमध्ये बारीक अक्षरात 'राज्यशास्त्राचे किमान अमुक ईसीटीएस' असं लिहिलेलं असतं. ते पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस धरतात, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीचे १८०. समज तुझ्या पदवीचे एकूण क्रेडिट १४० आहेत. मग आपला एक क्रेडिट म्हणजे साधारण १.२९ ईसीटीएस. राज्यशास्त्राचे ४४ क्रेडिट असतील तर ते ५६.६ होतात आणि अट ६० ची असेल तर अर्ज तिथेच संपतो, मग हेतुपत्र कितीही सुंदर असो. म्हणून आत्ताच एका तक्त्यात प्रत्येक पेपर, त्याचे क्रेडिट आणि अभ्यासक्रमाचे चार ओळींचे वर्णन लिहून काढ. अर्थशास्त्र, आधुनिक इतिहास, संख्याशास्त्र हे पेपर 'संबंधित विषय' म्हणून धरतात का, ते विभागाच्या समन्वयकाला ईमेलने विचार. उत्तर लेखी हवं. सहावं सत्र अजून बाकी आहे, तिथे पर्याय असेल तर राज्यशास्त्राचाच पेपर घे.

चतुःशृंगी_पायथा:

वरचं सगळं मान्य. मी फक्त पैशांचं बोलतो, कारण 'जर्मनी फुकट' हे वाक्य पुण्यात फार स्वस्तात विकलं जातं.

सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क बहुतेक ठिकाणी नाही हे खरं. सत्राचं अंशदान भरावं लागतं, पण त्यात बऱ्याचदा शहराचा बस-ट्रॅमचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. वर आलेलं फ्रायबुर्ग त्याच राज्यात आहे, हायडेलबर्ग आणि ट्युबिंगेनही. चार सत्रांचे ६,००० युरो झाले.

मुख्य रक्कम ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्याची. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. ते आधी भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याच्या हप्त्याने काढायचे. हा खर्च नाही, तुझाच पैसा आहे. पण व्हिसाच्या वेळी तो हातात असावा लागतो. युरो शंभर रुपये धरला तरी दोन वर्षांचे जवळजवळ चोवीस लाख होतात. म्हणजे तुझं पंचवीस लाखांचं बजेट 'फुकट' जर्मनीतच संपलं. त्यातून दरमहा आरोग्य विमा आणि खोलीचं भाडं जातं. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा भार हलका होऊ शकतो, पण त्या मिळकतीवर विसंबून बजेट मांडू नकोस. छोट्या शहरात जर्मन येत नसलेल्या आयआरच्या विद्यार्थ्याला मिळणारं काम म्हणजे गोदाम किंवा हॉटेलचं स्वयंपाकघर.

अर्जाचा खर्च: ए.पी.एस. प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये. ते हातात यायला आठवडे लागतात, म्हणून अर्जाच्या मुदतीच्या तोंडावर त्याच्या मागे लागू नये. युनि-असिस्ट या अनेक जर्मन विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज असेल तर पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सत्रासाठी पुढच्या प्रत्येकाला ३०.

कर्ज: पीएम-विद्यालक्ष्मी योजना परदेशातल्या शिक्षणाला लागू नाही, ते डोक्यातून काढ. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आईवडिलांच्या खात्यातून पैसे पाठवले तर आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा आयकर) कापते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर कापत नाही. टीसीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण ऐन ऑगस्टमध्ये ती रक्कम अडकते आणि बजेट कोलमडतं. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे मार्चअखेर आणि एप्रिलनंतर असे विभागून पाठवता आले तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात, अर्थात प्रवेश तेवढा लवकर मिळाला तर.

शिष्यवृत्तीत रँकिंगचा एक विचित्र तिढा आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पुण्यातल्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत मिळते. मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथीची वेगळी आहे. या दोन्हींत विद्यापीठ क्यूएस या रँकिंग संस्थेच्या जागतिक यादीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. ही यादी एकूण विद्यापीठाची, विषयाची नव्हे. सिआँस पो राज्यशास्त्रात जगातल्या अगदी वरच्या नावांत, पण एकूण यादीत २०० च्या बाहेर. म्हणजे आयआरसाठी युरोपातल्या सर्वांत नामांकित जागांपैकी एक या शिष्यवृत्तीला चालत नाही. ॲमस्टरडॅम, लायडन, लुंड, उप्सला चालतात. एरवी मी रँकिंग बघू नको म्हणेन, पण यापैकी एखाद्या योजनेत बसत असशील तर आधी रँकिंग आणि मग मॉड्यूल हँडबुक, असा उलटा क्रम लाव. त्या वर्षीची जाहिरात ओळ न् ओळ वाच, अटी बदलत असतात.

सगळ्यांना खुली असलेली म्हणजे युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस. शुल्क माफ आणि महिन्याला १,४०० युरो, दोन वर्षं. आपल्या विषयाजवळचा सुरक्षा आणि गुप्तवार्ता अभ्यासाचा इमसिस आहे. ग्लासगो, डब्लिन सिटी, त्रेंतो आणि प्रागचं चार्ल्स विद्यापीठ मिळून तो चालवतात. अशा अभ्यासक्रमांचे अर्ज हिवाळ्यातच मिटतात, एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही. जे. एन. टाटा एंडाउमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते, पण अटी बँकेपेक्षा सौम्य.

टीवाय_पॉलिटिक्स:

बापरे, ४४ क्रेडिटचा हिशेब वाचून लगेच मार्कशीट काढल्या. राज्यशास्त्राचे ४८ निघाले, एकूण १४०. म्हणजे ६१.७. काठावर का होईना, बसतंय.

राज्याच्या शिष्यवृत्तीत मी बसत नाही. आता ब्रिटनचं सांगाल का? आणि पुढे नोकरीचं? घरी सगळ्यांना वाटतं की हे केल्यावर राजदूत होतात.

डेक्कन_जिमखाना:

राजदूत व्हायचा रस्ता दिल्लीतल्या धौलपूर हाउसवरून, म्हणजे यूपीएससीच्या कचेरीवरून जातो. परराष्ट्र सेवेत यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच प्रवेश आहे, परदेशी मास्टर्सचा एक गुणही जादा मिळत नाही. घरच्यांना हे आधी सांग, नाहीतर दोन वर्षांनी जेवणाच्या ताटावर सांगावं लागेल.

आयआरमध्ये पदवीइतकाच पासपोर्टही बघतात. ब्रसेल्समध्ये शिकलं तरी युरोपीय संघाच्या संस्थांत कायमची भरती मुख्यतः सदस्यदेशांच्या नागरिकांची. नाटोमध्ये सदस्यदेशांच्याच नागरिकांची. संरक्षण आणि गुप्तवार्ता क्षेत्रातल्या खाजगी कंपन्याही सुरक्षा मंजुरीमुळे नागरिकत्व विचारतात, त्यामुळे निव्वळ सिक्युरिटी स्टडीज घेणाऱ्या भारतीयाला तिकडे दारं कमी. संयुक्त राष्ट्रांची यंग प्रोफेशनल्स परीक्षा ३२ वर्षांपर्यंतच्यांसाठी, आणि तीही त्या वर्षीच्या यादीतल्या, म्हणजे कमी प्रतिनिधित्व असलेल्या, देशांच्या नागरिकांनाच. यादी दरवर्षी बघावी लागते.

मग उरतं काय? बरंच. निर्यात-नियंत्रण आणि निर्बंधांचं अनुपालन (बँका आणि जहाज कंपन्यांना २०२२ नंतर याची फार गरज आहे), भूराजकीय जोखमीचं विश्लेषण, हवामान आणि विकास क्षेत्रातल्या सल्लागार संस्था, स्वयंसेवी संस्था, पीएच.डी. भारतात परतायचं असेल तर धोरण-अभ्यास संस्था आहेत: मुंबईत गेटवे हाउस आणि ओ.आर.एफ., बेंगळुरूत तक्षशिला, आपल्याकडे पुणे इंटरनॅशनल सेंटर. या सगळ्यांना लागतं ते म्हणजे एक प्रदेश, एक भाषा आणि एक हत्यार. हत्यार म्हणजे आकडेवारी, जी.आय.एस. (संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळणं), व्यापार कायदा, काहीही. 'मला जागतिक राजकारणात रस आहे' हे हत्यार नव्हे. ऐच्छिक पेपर निवडताना हाच निकष ठेव.

भाषेचं तर फारच. इंग्रजी अभ्यासक्रम म्हणजे वर्गात इंग्रजी. बर्लिनमधली बहुतेक फाउंडेशनं इंटर्नलाही जर्मन विचारतात. तुझं ए२ झालंय, निघायच्या आधी बी१ करून जा आणि तिकडे बी२ पर्यंत ने. पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण बी२ नसेल तर त्यातला बराचसा वेळ भाषेच्या वर्गात जाईल.

ब्रिटन: विषयाचं माहेर तेच. आयआरचा जगातला पहिला विभाग १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला सुरू झाला, आजही चालू आहे, आणि लंडनच्या मानाने तिथे राहणं स्वस्त. युद्ध आणि संरक्षण हवं तर किंग्ज कॉलेजचा वॉर स्टडीज विभाग. आशिया-आफ्रिका हवं तर सोॲस. पण ही दोन्ही लंडनमध्ये, आणि पंचवीस लाखांत लंडन बसत नाही, उगाच यादीत ठेवू नकोस.

नियम बदललेत तेही बघ. ग्रॅज्युएट रूट, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करायचा व्हिसा, दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. तुझा अर्ज त्यानंतरच पडणार, तेव्हा एजंट 'दोन वर्षं' म्हणाला तर समज की त्याचं माहितीपत्रक जुनं आहे. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा सोळा-सतरा महिन्यांचा मिळतो म्हणून दीडपट, म्हणजे १,१६४ पौंड, आणि तेही आगाऊ. निर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी व्हिसा नाकारतात, आणि खाली जाते ती बहुधा वडिलांच्या खात्यातून एखादा ईएमआय वळता झाल्यामुळे. त्यासाठी वेगळं खातं ठेवावं. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती तुला आत्ता नाही, तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो.

एक वर्षाचा मास्टर्स भारतात चालत नाही अशी जुनी भीती आहे. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटनमध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्यात तो धरलेला आहे. माझी खरी हरकत वेगळी. सप्टेंबरला पोचायचं, जानेवारीत निबंध, मेमध्ये परीक्षा, ऑगस्टअखेर प्रबंध. इंटर्नशिप आणि भाषा दोन्हींना जागाच नाही. थेट बीए करून जाणाऱ्याला दोन वर्षं बरी. चारपाच वर्षं नोकरी केलेल्याला एक वर्ष पुरतं.

एरंडवणेकर:

थेट बीए असूनही पुढे पीएच.डी.च करायची असेल तर ब्रिटनचं वर्षही वाया जात नाही, एवढी दुरुस्ती. बाकी सहमत.

स्वीडनचं राहिलं. सगळ्या विद्यापीठांचा एकच पोर्टल, मुदत १५ जानेवारीच्या आसपास, शुल्क ९०० क्रोनर आणि त्यात चार अभ्यासक्रम पसंतीक्रमाने. वरच्या पसंतीला प्रवेश मिळाला की खालच्या आपोआप रद्द होतात, त्यामुळे क्रम 'कुठे मिळेल' यावर नको, 'कुठे जायचंय' यावर लाव. युरोपबाहेरच्यांना शुल्क आहे, सवलत मिळाली नाही तर तुझ्या बजेटबाहेर जाईल. नेदरलँड्सचंही तेच. व्हिएन्नाचं सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी (२०१९ पर्यंत बुडापेस्टला होतं) मास्टर्सला बऱ्यापैकी सवलती देतं, तिथला आयआर विभाग चांगला आहे, एक अर्ज तिथे टाक. इटलीत पाविया विद्यापीठाचा वर्ल्ड पॉलिटिक्स अँड इंटरनॅशनल रिलेशन्स हा इंग्रजी मास्टर्स आहे. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं आणि प्रादेशिक शिष्यवृत्तीही उत्पन्नावरच. त्यासाठी आईवडिलांच्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे कागद इटालियन भाषांतरासह तयार करावे लागतात. ते काम किचकट आहे, दोन महिने धर.

तुझ्या जागी मी माग्डेबुर्ग, जर्मनीतलं आणखी एक-दोन, पाविया, व्हिएन्ना आणि इमसिस एवढ्यावर थांबेन.

टीवाय_पॉलिटिक्स:

खूप आभार. शेवटचं: कागदपत्रं आत्तापासून कोणती जमवू?

चतुःशृंगी_पायथा:

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून घे. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा विभाग कॉलेजचाच, तिथे चौकशी कर. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं, पण त्यांचा ईमेल कॉलेजच्या डोमेनवरचा हवा. जीमेलवरून आलेली पत्रं काही विद्यापीठं मोजतच नाहीत, आणि आपल्याकडचे निम्मे प्राध्यापक कॉलेजचा ईमेल उघडत नाहीत. त्यांना आत्ताच पासवर्ड शोधायला लाव. आयईएलटीएस दोन वर्षं चालतं, लवकर देऊन टाक. ६.५ बऱ्याच ठिकाणी पुरतं, ७ आला तर सहसा अडत नाही. इंग्रजी माध्यमाच्या दाखल्यावर सगळीकडे भागत नाही.

आणि नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि वर आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नाव गायब. अर्जात, आयईएलटीएसला, ए.पी.एस.ला आणि बँकेत सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच लिही. कुठे स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असेल, 'v' च्या जागी 'w' वगैरे, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून पीडीएफ तयार ठेव. मार्कशीटवरचंच नाव चुकलेलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज निकालाआधी टाक, पदवी प्रमाणपत्र छापून झाल्यावर तेच काम दुप्पट लांबतं.